आगाऊ फेडलेला नवस

कामोल्यी, २८ जून १८७९

प्रिय प्रोस्पेरोदादा,

तुझं पत्र पोचलं, पोरीचा फोटोही पोचला. नाक आपल्या घराण्याचंच घेतलंय, बिचारीचं नशीब. वहिनीला सांग, दिवसातून दोनदा तेल लावून चिमटीत धर, काही उपयोग होत नाही पण आईला बरं वाटतं. इकडे सगळं ठीक. मासळी यंदा बक्कळ आली, माझे हात कोपरापर्यंत मिठात आहेत. शेजारची कातेरीना रोज येऊन बसते, एक पिंप भरते आणि गावभरच्या चार भानगडी सांगून जाते. तू लिहितोस, आपल्या भावासाठी, निकोलोसाठी, तिकडे खिडकीपाशी पलंग टाकून ठेवलाय. हं.

बाबांना काय धाड भरलीय! डोळ्यांना दिसत नाही म्हणून वर्षभर कुरकुरत होते, ते फेब्रुवारीपासून पुन्हा ब्रश धरून बसलेत. तुला त्यांची रीत ठाऊकच आहे. वादळात नवस बोललेला खलाशी परत आला आणि देवळात वाहायचं चित्र काढून मागू लागला, की बाबा त्याला खुर्चीत बसवायचे आणि कोतवालासारखे प्रश्न विचारायचे. वारा कुठून होता? पहिलं शीड कुठलं गेलं? तू कुठे उभा होतास? सगळं ऐकल्याशिवाय पाण्याचा एक थेंब काढायचे नाहीत. स्वतः बंदराच्या भिंतीपलीकडे कधी गेले नाहीत, साध्या होडीत बसले तरी ओकतात, पण मदोन्ना मरियेच्या देवळात त्यांनी काढलेली शंभर वादळं टांगलेली आहेत आणि खलाशी म्हणतात एकही खोटं नाही.

या वेळी मात्र कुणी काही सांगायला आलेलं नव्हतं. निकोलोच्या ‘सांता झिता’ जहाजाची बातमी येईना. कार्निव्हलचे दिवस गेले आणि एका सकाळी बाबा म्हणाले, आपण नवस आधीच फेडून टाकू. मी म्हटलं, पावण्याआधी? तर म्हणाले, “जन्मभर मी मदोन्नाचं काम केलंय. एकदा आगाऊ देतो. खानदानी बाई आहे, आगाऊ घेऊन माल बुडवायची नाही.” हसत म्हणाले. मी हसले नाही.

फळी घेतली ती जुनी, खुराड्यामागची. कप्तान अंसाल्दोनं सांगितलेलं चित्र होतं तिच्यावर, एक माणूस पाण्यात, दोरासाठी हात वर केलेला. तो माणूस वाचला होता, नवस अंसाल्दोचा होता. पण अंसाल्दो तापानं गेला आणि चित्र न्यायला कोणी आलं नाही. मी बाबांना म्हटलं, देवाला बोललेली वस्तू आहे, तिच्यावर रंगवू नका. लाकूड चांगलं आहे म्हणाले.

नवं चित्र झालं सुंदर, खोटं कशाला बोलू. पुढचं शीड फाटलेलं, वर डावीकडे ढगात मदोन्ना, आणि सुकाणूपाशी लाल टोपीतला आपला निकोलो, दोन्ही पाय रोवून. खाली अक्षरं, ‘नवस केला, कृपा पावली’. पाद्री जाचिंतो आधी नको म्हणाले. न मिळालेल्या कृपेचे आभार कसे मानायचे? पण बाबांपुढे त्यांचं काय चालणार. उद्याच्या उत्सवाला टांगायचं ठरलं.

मग मे महिन्यात मागच्या लाटेतून तो हात वर यायला लागला.

यात भुताटकी नाही, बाबांनीच आपल्याला शिकवलंय की पातळ रंगाखालचा गडद रंग काही दिवसांनी वर येतो. त्यांनी तो झाकला. आठवड्यानं पुन्हा आला, आता बोटंसुद्धा दिसत होती. पुन्हा झाकला. कातेरीनानं ते पाहिलं आणि तेव्हापासून ती मिठाची पिंपं अंगणातच भरते. मी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायचे, सकाळी ते वळलेलं असायचं. बाबा म्हणायचे, त्याला भिंत काय दाखवतेस? मला भीती वाटायची, दादा. भर दुपारी चूल पेटवतानाही त्या फळीकडे पाठ करवत नव्हती.

आता लिहिते. तीन पानं टाळलं.

मंगळवारी शेजारच्या रेक्को गावचा आगोस्तीनो आला. ‘सांता झिता’वर होता. ती बुडाल्यावर ज्या जहाजानं त्याला पाण्यातून उचललं ते सरळ पार जावा बेटावरच्या बटाव्हियाला चाललं होतं, म्हणून बातमी यायला इतके महिने लागले. बाबा देवळात खिळ्याची जागा बघायला गेले होते. मी त्याला कॉफी दिली. त्यानं सगळं सांगितलं. निकोलो सुकाणूपाशी नव्हता. शीड सोडवायला पुढे गेला आणि लाटेनं नेला. होडी पाण्यात सोडता येईना. बराच वेळ त्याचा हात दिसत होता, म्हणाला. मग त्याची नजर चित्राकडे गेली. तो उठला, लाटेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “इथंच.”

मी त्याला टेकडीच्या वाटेनं परत पाठवलं, बाबा वाटेत भेटू नयेत म्हणून. ठरवलं, निदान उत्सव होऊ दे. म्हाताऱ्याला एक रविवार मिळू दे.

बाबा आले. टेबलावरचे दोन पेले पाहिले. कोण आलं होतं? मी म्हटलं, कातेरीना. ते बशीतल्या तंबाखूच्या राखेकडे बघत राहिले. रंग काढले, तेल ओतलं, आणि ती खुर्ची, खलाशांची, माझ्याकडे सरकवली.

“बस. वारा कुठून होता?”

मी उभीच. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी बसले. म्हटलं, नैऋत्येकडून.

“पहिलं शीड कुठलं गेलं?”

“पुढचं.”

“आणि आपला पोरगा कुठे होता?”

मी उठून त्या हातावर बोट ठेवलं.

बाबांनी मान हलवली, ऐकलं म्हणून, जशी कोणत्याही खलाशासाठी हलवायचे तशी. सुकाणूपाशी दुसरा माणूस काढला, नुसती पाठ. लाल टोपी लाटेत आणली. हात या वेळी झाकला नाही, त्यालाच खांदा दिला, तोंड दिलं. अंसाल्दोचा रंग कुठे संपतो आणि बाबांचा कुठे सुरू होतो ते आता मला सांगता येत नाही. शेवटी ‘कृपा पावली’ खरवडून काढलं. ‘नवस केला’ तेवढं राहिलं.

मी विचारलं, मग आता टांगायचं नाही ना? म्हणाले, “का नाही? आगाऊ दिलंय. परत मागायची आपली रीत नाही. तिला रोज बघू दे.” तेव्हा बाबा रडले. आईच्या वेळीसुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

उद्या टांगणार. पाद्री काय म्हणतील ते म्हणोत, शिडी मी धरणार आहे.

दादा, तू बोलावलंस म्हणून तो त्या जहाजावर चढला, हे मी लिहिणार नव्हते. पण माझ्याआधी तू स्वतःच ते म्हणशील, म्हणून लिहिते. तू बोलावलंस, बाबांनी आशीर्वाद दिला, मी त्याचे मोजे विणले. आपण तिघांनी मिळून पाठवला त्याला. बाबांना पत्र लिही, सांत्वन करू नकोस, त्यांना चित्राबद्दल विचार.

आणि खिडकीपाशी टाकलेला तो पलंग काढून टाक. पोरीला रांगायला जागा होईल.

आता एकाच भावाची बहीण,
तोमासीना