चेहऱ्याचा तुकडा

३ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! संग्रहालयाच्या मागची लांबट खोली, भरपूर उजेड आणि लाकडी ट्रेंमध्ये एका कोसळलेल्या प्राचीन सभागृहाच्या भिंतीवरच्या चित्राचे चार हजार तुकडे. मी एकेक स्कॅन करायचा. कुणाची कड कुणाला बसते ते कॉम्प्युटर शोधणार. नकाशे काढणारे काका म्हणाले, “तीस वर्षांत आम्ही दोन हात आणि एक बैल जुळवला. आता तुमचं यंत्र काय दिवे लावतंय बघू.” संध्याकाळी आईला फोन केला. चिमी तिच्याकडे मजेत आहे. घर मिळालं की लेकीला घेऊन येणार.

९ जून
एक अख्खा माणूस जुळला. टक्कल, वाकडं नाक, मानेवर भाजल्याचा डाग. हुबेहूब काका! आम्ही पोट धरधरून हसलो. काकांनी बाईंना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना, आतातरी बढती द्या म्हणून ऐकवलं. उजव्या गुडघ्याचा तुकडा तेवढा सापडत नाही.

११ जून
काका शिडीवरून पडले. उजव्या गुडघ्याचा चुरा. योगायोग, दुसरं काय.

१६ जून
दुसरी आकृती जुळली. कपाळावर पांढरी बट, हनुवटीवर तीळ. आमच्या बाईच. डाव्या डोळ्याच्या जागी भोक. कुणालाच दाखवलं नाही.

१७ जून
रसायनाची बाटली फुटली. बाईंचा डावा डोळा गेला. काल बोलले असते तर— पण काय बोलणार होते?

१९ जून
जुळवणी कालच बंद केली होती. सकाळी पाहते तर पडद्यावर तिसरी आकृती तयार. लहान मुलगी. डाव्या पायाला सहा बोटं. माझ्या चिमीला आहेत तशीच. चेहऱ्याची जागा रिकामी.

आईला फोन केला. चिमीला घराबाहेर सोडू नकोस म्हटलं. का, म्हणाली. नंतर सांगते म्हणून फोन ठेवला.

२० जून
जिथला तुकडा नाही, तिथेच घात होतो. चेहरा सापडलाच पाहिजे. सकाळपासून ट्रे उपसतेय.

दुपारी— सापडला! तळहाताएवढा. हसरे डोळे, गालाला खळी. तीच. कड बरोबर बसतेय. स्कॅन झाला की—

स्कॅनरवर ठेवतेय. जपून—

सुटला. फरशीवर. नुसती भुकटी. गोळा करतेय, पण बोटांना फक्त पांढरं—

आईचा फोन. रडतेय. चिमी आत्ता घरातल्याच जिन्यावरून— तोंडावर— आणि तिचा चेह—