कांदापात, पाहा गादमाशी

पवनी,
३ सप्टेंबर १९८६

प्रिय चंद्रकला,

तुझं पत्र परवा मिळालं. एरवी तू दोन ओळींत उरकतेस, या वेळी चांगली चार पानं लिहिलीस आणि चारही पानं स्वतःला दोष देण्यात घालवलीस. चाचणीच्या तीस प्रश्नांपैकी नऊ प्रश्नांना तुझ्या दिल्लीच्या केंद्रातल्या संगणकानं ‘माहिती उपलब्ध नाही’ असं छापून दिलं. आता बावीस तारखेला समिती बसणार. तिनं नापास केलं, तर शेतकऱ्यांच्या बोलीतल्या शब्दांनी पुस्तकं शोधायचं तुझं चार वर्षांचं काम गुंडाळणार आणि तुला पुन्हा मासिकांच्या नोंदी टाइप करायला बसवणार. हे वाचून मैत्रिणीला वाईट वाटायला हवं. मला आधी बरं वाटलं, चंद्रकला. तव्यावरची पोळी करपून धूर निघेपर्यंत बरं वाटत होतं. वाईट वाटायला लागलं ते नंतर, आणि ते अजून थांबलेलं नाही.

तू म्हणशील, सुलोचना बदलली. बदलली कसली, मी पहिल्यापासून अशीच. नागपूरच्या ग्रंथालय कोर्सला आपण एका खोलीत राहायचो तेव्हा तुझं वर्गीकरणाचं उत्तर सरांनी फळ्यावर लिहून घेतलं होतं, आठवतं? त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं म्हणून मी जेवले नाही. डोकं काही दुखत नव्हतं. आपल्या वाचनालयात दोघींना नोकरी लागली तेव्हा वासुदेवराव सेक्रेटरी सगळ्यांसमोर तुला ‘हुशार बाई’ म्हणायचे आणि मला ‘कामसू बाई’. तीन वर्षं ते ऐकत मी कपाटांवरची धूळ झटकली.

पण ती वर्षं होती छान. काउंटरवर आलेला तो शेतकरी सेवकराम आठव. धोतराचा सोगा खांद्यावर टाकून आला आणि म्हणाला, “बाई, धानाचं पुस्तक द्या.” आपण तालिका उघडली. ‘ध’च्या खणात धान नाहीच. पुस्तकं सगळी पुण्याकडची, त्यांत ‘भात’. आपल्याकडे भात ताटात असतो, शेतातल्या बांधीत असतं ते धान. पुस्तक मागच्या कपाटात होतं आणि आपण दोघींनी त्या माणसाला नाही म्हणून परत पाठवलं. तू त्याच्यामागे वेशीपर्यंत धावत गेलीस. संध्याकाळी खराब झालेल्या कार्डाच्या पाठीवर आपण लिहिलं, ‘धान, पाहा भात’, आणि ते ‘ध’च्या खणात लावलं. ते तू लिहिलंस की मी, हे मला आठवत नाही. गेली दहा वर्षं मात्र मी सगळ्यांना सांगते आहे की मीच लिहिलं.

मग तो आपला नादच झाला. माणूस ज्या शब्दानं मागेल तो शब्द जसाच्या तसा कार्डावर उतरवायचा आणि पुढे त्याला पुस्तकाच्या शब्दाकडे पाठवायचं. फार पुस्तकं निघाली तर मागणाऱ्याला आणखी एक शब्द विचारायचा, एकही निघालं नाही तर त्याचा एक शब्द सोडून पाहायचं. तुझा संगणक ‘आणि’, ‘किंवा’, ‘वगळून’ असे तीन शब्द वापरतो आणि त्यानं शोध अचूक होतो, असं तू मोठ्या कौतुकानं लिहिलं होतंस. मी ते वाचून म्हटलं, हे तर मी रोज तोंडानं करते, आणि मला वातानुकूलित खोलीही लागत नाही.

दिल्लीच्या प्रशिक्षणाचं एक खरं आज सांगून टाकते. शहात्तर साली त्या जागेसाठी वासुदेवरावांनी आधी मला विचारलं होतं. तुला वाटतं तुलाच विचारलं. मी नाही म्हटलं आणि गावभर सांगितलं की घरचे सोडत नाहीत. आमचे हे बिचारे उगाच बदनाम झाले. ते तर म्हणाले होते, “जाय ना वो, सहा महिन्याचंच तं हाय, मी अन् पोरी राहू.” मला मुलाखतीची भीती वाटली. इंग्रजीत विचारतील, मी अडखळेन, आणि ते तुला कळेल. तुला कळेल हेच जास्त. मग तू गेलीस, सहा महिन्यांची दहा वर्षं झाली, आणि ज्या खुर्चीवरून मी आपल्या पायानं उठले तिच्यावर तू बसलीस म्हणून मी तुझ्यावर जळत राहिले.

तू गेल्यावर मी कार्डं बंद केली असतील असं वाटलं असेल तुला. उलट मी हट्टाला पेटले. अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की पुष्कळ लोकांकडे नावच नसतं, ना पुस्तकाचं ना आपल्या बोलीचं. त्यांच्याकडे असतं ते डोळ्यांनी पाहिलेलं. लाखनीकडची एक बाई आली, म्हणाली, “धान उभ्या उभ्या जळून राहिलं, गोल गोल, जसं कोनी ताट ठेवलं.” ती तुडतुडा शब्द बोललीच नाही. मी लिहिलं, ‘धान, गोल जळणे, पाहा तुडतुडे’. अशा दिसण्याच्या खुणांची कार्डं मी वेगळ्या खोक्यात ठेवू लागले. कुठं दिसलं, कधी दिसलं, कशासारखं दिसलं, हे तीन प्रश्न मी प्रत्येकाला विचारायचे. या खोक्यात तुझा हात नव्हता. हे माझं एकटीचं होतं.

आणि मग पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये तुझा लेख आला. गुळगुळीत कागद, वर तुझं नाव, आत ‘वाचकांच्या शब्दांवर आधारित शोधपद्धती’. मी तो तीनदा वाचला. दुसऱ्या पानावर ‘ग्रामीण भागातील ग्रंथपालांच्या अनुभवावरून’ एवढी एक ओळ होती. ग्रामीण भागातील ग्रंथपाल! अगं, त्या ग्रंथपालाच्या घरी तू संक्रांतीला तीळगूळ खाल्लास. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. नंतर जूनमध्ये तुझं गोड पत्र आलं, की संगणकात शब्द भरायचे आहेत, सगळी कार्डं नकलेसाठी पाठव, तुझ्यावाचून हे होणार नाही. मी तीन खोकी बांधून पाठवली. तू पावती देताना लिहिलंस, ‘एवढी मेहनत फक्त तूच करू जाणे’. ती ओळ मी कोणाला दाखवली नाही.

आता गोमाजीबद्दल. अड्याळच्या पलीकडचा माणूस, चार बांध्यांचा धनी. गेल्या बुधवारी एसटीनं आला. पिशवीतून त्यानं घडी घातलेला कागद काढला, तुमच्या केंद्राचा. त्याच्या गावच्या ग्रामसेवकानं तुझ्या चाचणीत त्याचा प्रश्न पाठवला होता. धानाचा मधला पोंगा, म्हणजे कोवळ्या पानाची सुरळी, कांद्याच्या पातीसारखा पोकळ होतो आहे, उपाय काय? खाली उत्तर छापलेलं, माहिती उपलब्ध नाही. गोमाजी म्हणाला, “दिल्लीवाले म्हन्तेत असा रोगच नाही. मंग माह्या बांधीत काय हाय, बाई?”

मी उठले. पाच मिनिटांत त्याच्या हातात गादमाशीची, म्हणजे पोंगा पोकळ करणाऱ्या त्याच किडीची, पुस्तिका दिली, पान उघडून. काय सांगू तुला तो आनंद! दिल्लीचं यंत्र हरलं आणि पवनीची बाई जिंकली. वासुदेवरावांना सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, ह्यांना जेवताना दोनदा सांगितलं. हे जेवता जेवता एवढंच म्हणाले, “त्या मानसाचं धान वाचलं का?” वाचलं नव्हतं. पुस्तिका वाचून झाल्यावर गोमाजीनं मला विचारलं होतं, की हे पोंगे दिसले त्याच दिवशी आलो असतो तर? मी म्हटलं, बरंच वाचलं असतं. पोकळ झालेल्या फुटव्याला लोंबी येत नाही. तो तेवीस दिवस दिल्लीच्या कागदाची वाट पाहत होता, कारण ग्रामसेवकानं सांगितलं होतं की तिकडे सगळी पुस्तकं एका मशीनमध्ये आहेत. रागावला नाही तो. पुस्तिका डोक्याला लावून गेला, आणि मला त्याचा रागच बरा वाटला असता.

ते कार्ड माझ्याकडे होतं, चंद्रकला. ‘कांदापात, पाहा गादमाशी’, एकोणऐंशी सालापासून आहे. तुझ्याकडे ते आलंच नाही, कारण गेल्या वर्षी जूनमध्ये तीन खोकी बांधताना मी चौथं खोकं शिवणयंत्राखाली सरकवलं. विसरले नव्हते. दिसण्याच्या खुणांची सगळी कार्डं मी मुद्दाम ठेवून घेतली, म्हणजे तुझं यंत्र कुठं तरी अडेल आणि तुला कळेल की माझ्यावाचून अडलं. तू पाठवलेली नऊ प्रश्नांची यादी मी काल खोक्याशी ताडून पाहिली. सातांची कार्डं माझ्याकडे आहेत, दोन मलाही येत नाहीत. म्हणजे तुझी पद्धत चुकलेली नाही, तिच्या तोंडचे शब्द मी काढून घेतले होते. चौथं खोकं आज रजिस्टर पार्सलनं टाकते आहे. पण नुसती कार्डं पाहून समिती विचारेल की वर्षभर ही कुठं होती, आणि तू मला ओळखतेस, तू मला पाठीशी घालशील, म्हणशील टपालात राहिली. तसं म्हणू नकोस. हे पत्र एवढं सविस्तर, तारखांसकट, त्यासाठीच लिहिलं आहे. बावीस तारखेला ते समितीपुढे उभी राहून वाच. माझ्या जळण्याच्या ओळी गाळू नकोस, नाहीतर त्यांना पटणार नाही. आणि शेवटी माझं नाव वाचताना गावासकट, स्पष्ट वाच.

तुझीच,
सुलोचना केवळराम, ग्रंथपाल, पवनी