कोट बघून निवडलेला वकील

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण मला आज दुसरं काही विचारायला सवड नाही. काल आपले दुकानमालक आले होते. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर ऐसपैस बसले, माझ्या हातच्या कामाचं तोंड भरून कौतुक केलं, आणि मग छताकडे बोट दाखवून म्हणाले की तुळई कुजली आहे, जिवाला धोका आहे. चार महिने दुकान रिकामं कर, दुरुस्ती झाली की ये परत, असं त्यांचं म्हणणं. इतकं गोड बोलत होते की मीच त्यांना दोनदा चहा पाजला.

ते गेल्यावर मात्र माझं डोकं भणभणायला लागलं. दादा, हे कटिंगचं टेबल सुताराने दुकानात बसूनच बनवलंय, दारातून बाहेर निघतच नाही. ते मोडायचं का? आणि चार महिने शिंपीण दिसली नाही तर गिऱ्हाईक काय माझी वाट बघत उघडं बसणार आहे? या दुकानावर मी जगते. हे गेलं तर माझ्यापाशी कात्री आणि टेप एवढंच उरेल.

बाबांच्या मागे भाडेकरार तुझ्या नावावर झाला, त्यामुळे सही तुझीच लागणार. मालक कागद घेऊन तुझ्याकडे येणार आहेत. तू लगेच काही करू नकोस. मी इकडे एखादा चांगला वकील बघते. जन्मात कधी वकिलाची पायरी चढले नाही, पण खरं सांगू का, थोडी मजाही वाटते आहे.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तो उसवू देऊ नकोस.

तुझी,
ठकी

१९ जानेवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं, आणि त्याच्या मागोमाग मालकही आले. आमच्याकडेही चहा झाला. माणूस मला तर सरळ वाटला. बाबांची आठवण काढून डोळे पुसले. कागद टेबलावर ठेवून गेले आहेत, सही करून पोस्टाने पाठवा म्हणाले.

तू रागावशील, पण माझ्या मनातलं सांगतो. कशाला ही धावपळ? तुझे डोळे शिवून शिवून गेलेत. सुईत दोरा ओवायला आता गिऱ्हाइकांना सांगतेस म्हणे. इथे मागची खोली रिकामी आहे, वहिनीने ती झाडून पडदेही लावलेत. दुकान दे सोडून आणि ये इकडे. संध्याकाळी आपण पत्ते खेळू, तू पूर्वीसारखी लबाडी कर, मी पूर्वीसारखा हरेन.

तरी वकील बघायचाच असेल तर नीट बघ. दुकानाच्या भाड्याची, जागा खाली करण्याची कामं करणारा हवा, घटस्फोटवाला नको. आजूबाजूच्या दुकानदारांना विचार. आणि त्याच्यासमोर तूच बोलत सुटू नकोस, त्यालाही तोंड उघडू दे.

तुझ्यावर जीव असलेला,
दादा

२७ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वकील मिळाला! तीन पाहिले. पहिल्याच्या खोलीत बसायला जागा नव्हती आणि त्याचा फोन थांबत नव्हता. मी उठून आले तरी त्याच्या लक्षात आलं नसावं.

दुसऱ्या एक वकीलबाई. घड्याळजींनी नाव सुचवलं होतं. आपल्या भिंतीला भिंत लागून दुकान आहे ना, तेच घड्याळजी. त्यांचं काम या बाईंनी केलेलं. औषधाच्या दुकानावरच्या माडीत बसतात. मी दारातूनच पाहिलं आणि मन विटलं. दादा, काळ्या कोटाला पांढऱ्या दोऱ्याने टाकलेलं बटण! बाहीचं अस्तर मनगटावर लोंबत होतं. मी चुकून आले असं सांगून जिना उतरले. जिला स्वतःची बाही सांभाळता येत नाही ती माझं दुकान काय सांभाळणार?

तिसऱ्याचा कोट मात्र बघत राहावा. खांदा असा बसलेला की एक चुणी नाही, काजं हाताने केलेली. पाठीची शिवण बघायला मी त्यांच्या खुर्चीमागून एक चक्करही मारली. पंख्याची हवा लागत नाही असं निमित्त केलं. माणूस शांत. माझं सगळं ऐकून म्हणाले की घाबरण्यासारखं काही नाही, भावाला खुशाल सही करू दे, चार महिन्यांनी परत जालच. पाच मिनिटांत काम झालं.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. तू सही करून टाक. टेबल मोडावं लागेल, त्याचं मात्र वाईट वाटतं.

तुम्हा दोघांची,
ठकी

२ फेब्रुवारी

प्रिय ठकूवन्संना,
स. न. वि. वि.

हे पत्र मी लिहिते आहे, तुमचे दादा नाही. ते फुरंगटून बाल्कनीत बसलेत.

वन्सं, वकील काय तुम्ही कापड घ्यावं तसा घेतलात? कोटाची शिवण बघितलीत, पण त्या कोटवाल्याने आपला करार बघितला का? मालकांनी दिलेला कागद बघितला का? तो तर इथे आमच्या टेबलावर होता, मग त्यांनी कुठून बघितला असणार?

काल यांनी सही केली. पाकीट चिकटवण्याआधी मी सहज वाचायला घेतलं. दुकान राजीखुशीने रिकामं करून ताबा देत आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. परत येण्याचा एक शब्द नाही. मी दोन्ही बाजू बघितल्या. यांना विचारलं तर म्हणतात की मालक तोंडाने बोललेत ना. मी म्हटलं, तोंडाचं तोंडात राहतं. पाकीट मी माझ्या कपाटात ठेवलंय आणि किल्ली माझ्याकडे आहे.

तुम्ही इथे आलात तर मला आनंदच आहे, पण फसून येऊ नका. त्या दुसऱ्या बाईंकडे जा. दोरा कुठल्याही रंगाचा असू दे. उत्तर लगेच पाठवा, कारण यांचं फुरंगटणं मला फार दिवस सोसवणार नाही.

तुमची,
वहिनी

८ फेब्रुवारी

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

आधी तो कागद फाडा, मग पुढचं वाचा!

मी मान खाली घालून तो जिना परत चढले. वकीलबाईंनी मला ओळखलं, पण हसल्या नाहीत. आधी करार मागितला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचला, आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू. करार कोणाच्या नावावर, दुकानात बसतं कोण, किल्ली कोणाकडे, भाडं कोण देतं, मालक काय म्हणाले, त्या वेळी कोण हजर होतं. आणि मग विचारलं की त्याच तुळईखाली आणखी कोण आहे?

दादा, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तुळई सलग आहे. ती माझ्या दुकानातून निघून भिंतीवरून थेट घड्याळजींच्या डोक्यावर जाते. त्यांना मालकांनी अवाक्षर सांगितलेलं नाही! जिवाला धोका फक्त शिंपिणीच्या.

संध्याकाळी बाई स्वतः दुकानात आल्या. चपला काढून कटिंगच्या टेबलावर चढल्या आणि माझ्या मोठ्या कात्रीचं टोक तुळईत जागोजागी टोचून बघितलं. एका कोपऱ्यात थोडा भुसा पडला, बाकी लाकूड ठणठणीत. पण त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं नाही. स्वच्छ सांगितलं की कोपरा खराब आहे, दुरुस्तीला नाही म्हणता येणार नाही, तेवढे दिवस गैरसोय सोसावी लागेल. मात्र तीच जागा, तेच भाडं आणि परत येण्याची तारीख लिहून मिळाल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. हरण्याची शक्यता किती तेही सांगितलं. मला ते ऐकून उलट धीर आला.

मी त्यांच्या बाहीला टाका घालू का विचारलं, तर म्हणाल्या, आधी काम. मालकांना त्यांचं पत्र आजच गेलं. मला रात्रभर झोप येणार नाही बहुतेक, आणि भीतीने नाही!

तुमची,
ठकी

१४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

कागद फाडला. वहिनीने तुकडे मोजून घेतले, माझ्यावर तिचा आता विश्वास नाही.

ठके, मी न वाचता सही इतक्या चटकन का केली, हे मला या चार दिवसांत कळलं. मालकांवर माझा भरवसा होता असं नाही. तू हरावीस आणि इकडे यावीस, असं मला वाटत होतं. घर फार शांत झालंय गं. पण तुझं दुकान बुडवून तुला इथे बसवली असती, तर तुझ्याकडे बघायची मला हिंमत झाली नसती.

बाईंना सांग, कोर्टात उभं राहायला लागलं तर करारातला भाडेकरू हजर आहे. तिकीट काढून ठेवतो.

तुझा,
दादा

९ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादा तुमच्याकडे उद्या पोचेल, पण त्याला नीट सांगता येणार नाही. तो कोर्टाच्या व्हरांड्यात रडला, ते तर तो नक्कीच गाळेल. म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देते आहे.

परत येण्याचं लिहून द्या म्हटल्यावर मालकांचा गोडवा कसा आटला, ते तुम्हाला माहीत आहेच. पुढच्याच आठवड्यात त्यांनी न सांगता छताचे पत्रे उचकटायला माणसं पाठवली. वकीलबाईंनी धावत जाऊन मनाई हुकूम आणला. हुकूम हातात आला तेव्हा मी आणि घड्याळजी रस्त्यावर चक्क नाचलो. आमचं वय विसरा.

आज तारीख होती. न्यायाधीशांनी मालकांच्या वकिलांना एवढंच विचारलं की तुळई एक असताना दुकान एकच का रिकामं करायचं? त्यावर तिकडे जी कुजबुज सुरू झाली ती थेट बाहेर व्हरांड्यात जाऊन थांबली. मालकांनी बाईंच्या माडीखालच्या त्या औषधवाल्याला माझी जागा आधीच कबूल केली होती, हेही तिथे बाहेर पडलं. शेवटी तडजोडीला आले. दुरुस्ती दोन टप्प्यांत, दुकान चालू ठेवून. टेबल हलणार नाही. आणि करार नव्याने.

नवा करार बाईंनी लिहून काढला, मालकांनी सही केली आणि पेन सवयीने दादापुढे धरलं. दादाने दोन्ही हात पाठीमागे नेले. तो मालकांना म्हणाला की भाडेकरू मी नाही, ही आहे. इतकी वर्षं तिथे राबली ही, माझं नुसतं नाव तिथे बसून होतं. ते आज उठवा.

बाईंनी तिथेच त्याचं नाव खोडलं आणि वर माझं घातलं. मग मालक, दादा आणि मी, तिघांनी त्या खाडाखोडीपाशी सह्या केल्या.

वहिनी, मी या दुकानात तरुणपणी आले. हजारो माणसांची मापं घेतली, पण आजवर मला कोणी विचारलं की दुकान कोणाचं, तर मी बाबांचं म्हणत असे, आणि पुढे दादाचं. आज मी सही पूर्ण केली, आडनावासकट.

उद्या सकाळी लवकर दुकान उघडायचं आहे, आत्ताच झोपायला हवं. इकडे चार दिवस राहायला या. दोघंही या.

लोभ माझ्याकडे वाट्टेल तेवढा आहे, न्यायला या.

तुमची,
ठकी
भाडेकरू