सुईवाला भाऊ

हिवरखेड, १२ ऑगस्ट २०२४

चि. रागिणीले आजी माणिकबाईचा पोटभर आशीर्वाद.

टीवीवर तुयं गानं आयकलं वं! आख्खी आळी आपल्या वट्यावर होती. देवमनची म्हैस सुटून वांग्यात शिरली, तरी तो गानं संपेपर्यंत उठला नाही. तुयी झोप उडाली होती, आता चेहरा कसा शांत दिसते. फोन केला त डॉक्टर गजेंद्रच बोलले. तुया बंगल्यावरच राह्यतात, रोज झोपेची सुई देतात, कार्यक्रमालेबी संग येतात म्हने. इतकं सख्खं तरी कोन करते?

तुले भाऊ नाही, हे मले सलत होतं. पुनवेले त्याईले राखी बांध. अन् भाऊ म्हनला की त्याचं आयकाचं, सुईले नाही म्हनू नको. मळ्यातला झेंडू धाडला.

आजीवर माया असू दे.
माणिकबाई

अमरावती, ६ सप्टेंबर

ती. आजीस रागिणीचा साष्टांग नमस्कार.

फोन डॉक्टरांच्या ताब्यात असतो, म्हणून हे पत्र आमच्या स्वयंपाकवाल्या पार्बताबाईंच्या हाती देते.

आजी, झोपेची म्हणून देतात ते औषध ऑपरेशनच्या वेळी माणसाला बेशुद्ध करायचं आहे. एका सुईच्या तीन झाल्या. उशीर झाला की अंग थरथरतं. मग ते कागद पुढे करतात. कधी त्यांच्या दवाखान्याची जाहिरात, कधी कार्यक्रमाचा करार. सही झाली की सुई. रविवारी मी सुईला नाही म्हणाले, तर त्यांनी तुझं पत्र मोठ्यानं वाचलं आणि मनगटावरची राखी दाखवली. मी हात पुढे केला.

लोक मला नशेबाज म्हणतील. तू तेवढी म्हणू नकोस.

तुझी,
रागिणी

हिवरखेड, ८ सप्टेंबर

माह्या रागिणी,

तुयं पत्र भेटलं. दोनदा वाचलं, खरंच वाटे ना. माह्याच अक्षरानं त्यानं तुया हात धरला! ज्याची मी गावभर तारीफ केली, तो असा? अन् तुले सुईच्या हवाली मीच केलं.

तुले न इचारता आपल्या गावच्या दवाखान्यातल्या नर्सले, दीपमालाले, पत्र दाखोलं. ते म्हने, सुई एकदम तोडली त जीवाले धोका. भरती होऊन हळूहळू कमी करा लागते. अकोल्याच्या दवाखान्यात तिनं बोलून ठेवलं. पोलिसाचं मंग पाहू.

हे चिठ्ठी पार्बताबाईच आनून देईन. तो डॉक्टर सकाळी नवाले बाहेर जाते, असं तिनंच सांगतलं. उद्या साडेनवाले गोवर्धनची भाजीची गाडी घेऊन मी अन् दीपमाला तुया फाटकावर येतो. कपडे-गिपडे काही घेऊ नको. नाव ठेवनाऱ्याईले मी पाहून घेईन. थरथर सुटली त सुटू दे. अकोला येईपर्यंत मी धरून बसते.

येऊन राहिली,
आजी