दार मोजायचं राहिलं

प्रिय छबडे,

सोमवारी फोनवर मी तुला "सगळं छान पार पडलं" एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. आज रविवार. जेवणं झाली आहेत, तुझा बाबा आतल्या खोलीत आडवा झालाय आणि मी टेबलावर कागद पसरून बसलेय. पाठ अजून ठणकतेय. एकसष्टाव्या वर्षी माणसानं ऑफिस हलवू नये. हलवायचंच असेल तर दुसऱ्या कुणाचं तरी हलवावं, तेही लांब उभं राहून.

जागा बदलायचं धाकट्या मालकांच्या मनात वर्षभर होतं. शेवटी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "ताई, शुक्रवारी संध्याकाळी इथलं बंद, सोमवारी सकाळी नऊला तिथलं सुरू. मधे एक फोन चुकता कामा नये." आपल्याकडे फोन चुकला तर काय होतं, ते तू लहानपणापासून ऐकत आलीस. कुणीतरी कुठल्यातरी इमारतीत दोन मजल्यांच्या मधे अडकून बसलेलं असतं. तिथून मेकॅनिक फोन करतो आणि तुझा बाबा त्या लिफ्टची फाइल काढून कुठली तार कुठे जाते ते त्याला सांगतो. साडेचार हजार लिफ्टच्या साडेचार हजार फाइली, आणि त्या सांभाळणारा एकटा तो. घरात माझा दादा, ऑफिसात सगळ्यांचा काका.

मालकांनी एक काम दिलं. दुसरं मी आपणहून अंगावर घेतलं, आणि ते तुला कुणी सांगितलेलं नाही. दादाला कडेचं दिसत नाही. समोर धरलेला कागद दिसतो, भिंगातून अक्षर लागतं, पण दोन्ही बाजू गेल्या आहेत. काचबिंदू आहे. चार वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळ मी डोळ्यांत थेंब घालते. तू येतेस ते आठ दिवस तो खुर्चीतून फारसा उठत नाही, आणि तू त्याला "बाबा, किती आळशी झालास" म्हणून चिडवतेस. तो हसतो. मी स्वयंपाकघरात जाते. ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता, कारण फाइलींच्या त्या खोलीत त्याला डोळे लागतच नव्हते. आत सात पावलं, उजवा हात, कमरेएवढा कप्पा, तिसरी फाइल. छत्तीस वर्षांत हातांना सगळं पाठ झालेलं. जागा हलली की हे उघडं पडणार, हे मला मालकांचं वाक्य संपायच्या आत कळलं. नोकरी जाईल याचं तेवढं नाही गं. पण वहिनी गेल्यावर त्या खोलीनंच त्याला उभं ठेवलं. ती खोली गेली तर तो सकाळी उठून करणार काय?

म्हणून मी सहा आठवडे आधी कामाला लागले. नव्या जागेचा आराखडा मोठ्या कागदावर काढला, प्रत्येक टेबलाला आकडा दिला, प्रत्येक खोलीला रंग. हिशेबवाल्यांना निळा, मेकॅनिकांना हिरवा, फाइलींना पिवळा. प्रत्येक खोक्याला दोन बाजूंना चिठ्ठी, वर नाही, कारण खोक्यावर खोका चढला की वरची चिठ्ठी मेलीच. एक खोका शेवटी भरायचा आणि सगळ्यांत आधी उघडायचा. त्यात कात्री, चिकटपट्टी, बल्ब, किल्ल्यांचा जुडगा, चहाचं सामान. जुन्या जागेतला एक फोन रविवार दुपारपर्यंत तसाच चालू ठेवायचा आणि त्याच्याशी एक मेकॅनिक बसवायचा. चिठ्ठ्या मी स्वतः लिहिल्या, सातशे अठरा. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी पट्टी मारून वळवलेलं अक्षर इतक्या वर्षांनी उपयोगी पडलं. मेकॅनिक मंडळी म्हणायची, ताई, खोक्यांवर लिहिताय की लग्नाच्या पत्रिकेवर? मी म्हटलं, तुमच्या स्क्रू-नटांना एवढा मान पुन्हा कधी मिळणार नाही, गप भरा.

फाइलींची खोली मात्र मी कुणाला भरू दिली नाही. सगळे जेवायला गेले की टेप घेऊन आत जायची. रॅक ते रॅक अंतर, कप्प्यांची उंची, खिडकी कुठल्या हाताला, टेबलाचा कोपरा भिंतीपासून किती. दादाला एकदा तिथून इथे चालायला लावलं आणि त्याचं पाऊल मोजलं, कारण माझ्या पावलांनी मोजलं असतं तर सगळंच तोकडं झालं असतं. त्याला कळलं मी काय करतेय. म्हणाला, शाळेत असताना तुला भूमिती येत नव्हती, मी गुणपत्रिकेवर बाबांची सही मारून दिली होती, आठवतं ना? मला आठवत होतं. सिस्टरांनी सही ओळखली आणि दोघांनाही उभं केलं, तेव्हा तो म्हणाला होता की हिला काही माहीत नाही, मीच हौसेनं केलं. त्याचं असंच. आपल्यामुळे कुणाला काही व्हायला नको.

हलवाहलवीचे दोन दिवस कसे गेले ते विचारू नकोस. नव्या इमारतीची लिफ्ट इतकी अरुंद की आपली कपाटं तिच्यात मावेनात. लिफ्टवाल्यांची कपाटं चार मजले जिन्यानं चढली. हमालांचा मुकादम प्रत्येक मजल्यावर थांबून मला विचारायचा, "बाई, कंपनी नक्की कसली म्हणालात?" तिसऱ्या मजल्यावर धाकटे मालकसुद्धा हसले. शनिवारी दुपारपर्यंत पिवळी खोकी आत गेली आणि मी मुकादमाला बाजूला बसवून रॅक मी आधीच आखलेल्या खडूच्या रेघांवर लावून घेतले. एक रॅक चार बोटं सरकला होता, तो परत उचलायला लावला. मुकादम पुटपुटला, इथे काय देव बसवायचाय का. मी म्हटलं, तसंच समजा.

रविवारी सगळे गेल्यावर दादाला घेऊन गेले. तो उंबऱ्यातून आत शिरला, सात पावलं, उजवा हात, कमरेएवढा कप्पा. मी कुठल्याही इमारतीचं नाव घ्यायची आणि तो फाइल काढून द्यायचा. तीसदा विचारलं, तीसदा बरोबर. शेवटी टेबलाशी बसला, टेबलाचा कोपरा चाचपला आणि म्हणाला, "अगं, तू तर खोलीच उचलून आणलीस." छबडे, त्या एका वाक्यासाठी मी आणखी सहा आठवडे राबले असते.

सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन आला. एका दवाखान्याची लिफ्ट अडकली होती, आत एक म्हातारी बाई आणि तिचा नातू. दादा उठला, फाइल काढली, वळला आणि भराभर दाराकडे निघाला. जुन्या खोलीला दार नव्हतं. तू चार वर्षांची असशील, तेव्हाच ते काढून टाकलं होतं, फाइलींची ढकलगाडी आत जाईना म्हणून. म्हणून माझ्या कुठल्याच यादीत दार नव्हतं. नव्या खोलीला होतं, आपोआप मिटणारं. शनिवारी हमालांनी त्याला खोका लावून ठेवलेला आणि रविवारीही तो तिथंच होता. सोमवारी सकाळी झाडणाऱ्या बाईनं तो उचलला. टेलिफोनवरची मुलगी ते दार अर्धं धरून "काका, लवकर" म्हणत उभी होती. दाराची कड सरळ त्याच्या भुवईवर बसली. मी इंच न् इंच मोजला होता गं.

रक्त गालावरून खाली येत होतं आणि दादानं तसंच फोनवर मेकॅनिकला सांगितलं, लाल तार सोड, तिच्या मागची पांढरी बघ. दहा मिनिटांत म्हातारी आणि नातू बाहेर आले. सगळे म्हणाले, नवीन जागा आहे, लागतंच. दादा हसून म्हणाला, हो ना. तिथेच ते मिटलं असतं. पण टाके घालून आल्यावर तो आपणहून मालकांच्या केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं. बाहेर येऊन मला म्हणाला, डोळ्यांचं सांगितलं, आता तू मोजमापं थांबव. मालकांनी त्याला काढलं नाही. फाइलींतले सगळे नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचे आहेत, सहा महिने, तोवर काका शेजारी बसून सांगतील. पुढचं पुढे. माझं ओझं उतरायला हवं होतं. नाही उतरलं. का ते आता लिहिते.

टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला सांगितलं. एरवी तो मला बाहेर बाकावर बसवतो. गुरुवारी डोक्याला पट्टी होती, म्हणून मी हात धरून आत गेले. बाईंनी जुने कागद चाळले आणि जरा रागानंच म्हणाल्या, "काका, मी दर खेपेला सांगते, हे रक्ताच्या नात्यात उतरतं. भावंडं आणि मुलं, सगळ्यांना तपासायला आणा. आणलंत का?" दादानं माझ्याकडे बोट केलं, ही बहीण. आणि मुलं? तो म्हणाला, मूलबाळ नाही.

मी शेजारच्या स्टुलावर बसले होते, आणि मी गप्प राहिले. त्यांनी तिथल्या तिथे माझे डोळे तपासले, माझ्यात सध्या काही नाही. रिक्षात बसल्यावर मी त्याला विचारलं, असं कसं बोललास रे? तो बाहेर बघत होता, म्हणजे बाहेर तोंड करून होता. मग म्हणाला, "पोरीला मी काय दिलं? आईसुद्धा टिकवून देता आली नाही. आणि दिलं ते हे दिलं, असं तिला कुठल्या तोंडानं सांगू?" चार वर्षं त्याला माहीत होतं, छबडे. चार वर्षं तो रोज मनातल्या मनात तुझे डोळे मोजत होता, आणि मी फक्त थेंब मोजत होते. त्याच्यावर रागावू नकोस. रागवायचंच तर माझ्यावर रागाव, मी त्या स्टुलावरून उठू शकले असते. पण आधी जाऊन ये. चाळिशी जवळ आलीय तुझी. मला काही होत नाही म्हणशील, तर त्यालाही काही होत नव्हतं, बाजू कधी गेल्या ते कळलंच नाही. डोळ्यांतला दाब बघतात आणि एका यंत्रात डोकं घालून कडेचे ठिपके दिसतात का ते विचारतात, दुखत नाही, तासाभराचं काम. बाईंनी सांगितलंय की लवकर सापडलं तर थेंबांवर जन्मभर थोपवता येतं. आपल्या घराण्यात आहे, एवढं तिथे सांग. बुधवारी हे पत्र तुझ्या हातात पडेल, गुरुवारची वेळ घे, आणि काय निघालं ते दुपारी ऑफिसच्या नंबरवर मला कळव. घरी नको. तुला सगळं लिहिलंय हे बाबाला मी सांगेन, हे पत्र पेटीत टाकून आल्यावर, चहा पिताना.

तुझीच,
आत्या