गोड्या पाण्याची बादली

१९ जुलै, शनि.
नागपूरचं ट्रेनिंग संपवून सकाळी परळला घरी. बॅग दारातच टाकली. टँकच्या काचेवर मिठाची पांढरी किनार, पाणी गढूळ, प्रवाळ भुरके पडलेले. राणी तळाशी आडवी. राव दगडामागे, धापा टाकतोय. क्लाऊनफिशची जोडी, तीन वर्षं सांभाळलेली.
मीटर लावला. मीठ बरंच वर. फिल्टरच्या पाण्याचा कॅन मी ठेवला होता तसाच, भरलेला. दादाला चावी देताना एवढंच सांगितलं होतं, रोज रेषेपर्यंत या कॅनमधलं घाल. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून भर गोड्या पाण्याचीच. दोनदा सांगितलं.
राणीला तुळशीशेजारच्या कुंडीत पुरलं. रडले. मग राग आला, तो अजून आहे.

२० जुलै, रवि.
दादाला फोन.
"दर्याच्या माशाला गोडं पानी कोन घालतं गो? मी शिवडीच्या धक्क्यावरशी आनलं. फडक्यानं गाळून घातलं." वर आणखी, "आपल्या सात पिढ्या दर्यावर गेल्या, नि तू मना मासं शिकवतेस?"
सात पिढ्यांनी मासे मारलेच फक्त. एक तरी जिवंत ठेवला का? हे फोन ठेवल्यावर सुचलं. नेहमीप्रमाणे.
सॉरी नाही. चुकलं नाही. काही नाही.

२३ जुलै, बुध.
ऑफिस सुटल्यावर दादरच्या दुकानात. आपोआप पाण्याची भर घालणारं यंत्र बघायला. ते लोक एटीओ म्हणतात. दोन प्रकार. एक तरंगत्या गोळ्याचा, संडासाच्या टाकीत असतो तसा. पाणी उतरलं की गोळा खाली, पंप चालू. दुसरा सेन्सरचा.
"गोळेवाला स्वस्त आहे मॅडम. पण गोगलगाय चढून बसली की पंप थांबतच नाही. सेन्सरवाला ठरल्या वेळेनंतर स्वतःच बंद होतो. कोणावर भरवसा नसेल तर हाच घ्या."
म्हटलं, त्यासाठीच आलेय.
आणखी एक सांगितलं त्याने. मादी गेली की उरलेला नरच हळूहळू मादी होतो. म्हणजे राव बदलेल. आमचा दादा आहे तसाच राहणार.

२७ जुलै, रवि.
वहिनीचा फोन. नारळी पौर्णिमेला साडी कुठली नेसणार, लवकर ये, भरती दुपारची आहे.
आमची होडी पावसाळ्यानंतर पहिल्यांदा निघते ती पौर्णिमेला, आणि घरच्या मुलीने पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला, हळदकुंकू लावल्याशिवाय जागची हलत नाही. आत्या गेल्यापासून लावणारी मी एकटी. वहिनी सून, तिचं चालत नाही.
"बघते," म्हटलं. फोन ठेवला आणि इतकं बरं वाटलं! हे आधी कसं सुचलं नाही. राखी नाही नि हळदकुंकूही नाही. बाकीच्या होड्या नाचत निघतील, दादाची धक्क्याला. लोक विचारतील, बहीण कुठाय? सांगेल काय, की एका माशापायी...
सांगू दे. मला ते तोंड बघायचंय.

१ ऑग., शुक्र.
सेन्सरवालाच आणला. बसवला, त्याची गोड्या पाण्याची बादली खालच्या कपाटात. मगभर पाणी काढून बघितलं, पंप घुरघुरला, रेषेवर येऊन थांबला. परत काढलं, परत थांबला. राव नळीपर्यंत येऊन बघून गेला.
आता कोणाची गरज नाही. वहिनीला निरोप, दादाकडची चावी परत पाठव.

५ ऑग., मंगळ.
सप्टेंबरात पुन्हा नागपूर, यावेळी जास्त दिवस. तोऱ्यात हो म्हणून आले. घरी येऊन बघते तर यंत्राची बादली तळाला. टँकवर पंखा असतो, पाणी भराभर उडतं. मोठी बादली खालच्या कपाटात मावत नाही. म्हणजे मधे कोणीतरी येऊन भरायला हवी. तेव्हा गणपती, मजल्यावरचे सगळे गावी.
आणि यंत्राला गोडं-खारं कळत नाही. बादलीत जे असेल ते ओतणार, अगदी इमानाने.
एवढं सगळं करून परत माणसावरच आलं. डोकं फिरलं. जेवले नाही.

७ ऑग., गुरु.
वहिनी चावी घेऊन आली. मी यंत्राची बादली भरत होते, कशाला काय ते सगळं विचारून घेतलं तिने.
"रंग दिलाय होडीला. रोज जाऊन नुसता बसतो तिच्यापाशी."
"चुकलं म्हणाला?"
"त्याच्या तोंडात तो शब्दच नाय गो. तुला ठाऊक नाय?"
"मग मी पण नाही येत. सांग त्याला."
चहा अर्धा टाकून गेली. तिचं वाईट वाटलं. त्याचं नाही. चावी फळीवर ठेवली, डब्यामागे.

९ ऑग., शनि. नारळी पौर्णिमा
सकाळी बेल. दादा. नवा सदरा, हातात कॅन. उंबऱ्याबाहेरच उभा.
"तुझ्या बादलीत घालाला आनलंय. गोडं हाय."
मी मीटर आणायला वळले.
"मीटर कशाला? पेला दे."
दिला. कॅनमधून भरला आणि उभ्याउभ्या प्यायला. मी म्हटलं, अजून एक. प्यायला. अजून एक. तोही. माझ्याकडे न बघता, औषध घेतात तसा. मग सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "बाय, भरती..." एवढंच बोलला आणि कॅन ठेवून जिना उतरला.
गॅलरीतून दिसतोय. खाली टेम्पोपाशी उभा आहे. वर बघत नाही, हाकही मारत नाही.
त्याचं पाणी बादलीत ओतलं. आधी मीटर लावला. शून्य. तरी परत लावला. पंप घुरघुरला, थांबला. राव एकटाच फिरतोय.
चावी डब्यामागून काढून टेबलावर ठेवली आहे. हिरवी साडी पलंगावर. नेसले नाही अजून. राहू दे उभा उन्हात. भरतीला थोडा वेळ आहे.