नखाएवढी संयोगिता

बनशंकरी, बंगळूर
दिवाळीनंतरचा सोमवार, १९९९

तीर्थस्वरूप सौ. कस्तुराक्कास,

धाकट्या देवव्रतचा साष्टांग नमस्कार. भावजींचा गुडघा कसा आहे? आई म्हणते, हुबळीच्या थंडीत तिळाचं तेल कोमट करून लावा. बाबा म्हणतात, काहीही लावा पण जिना चढू नका. माझी प्रकृती उत्तम. झोप लागत नाही आणि जेवण जात नाही, एवढं सोडलं तर.

आपल्या मंडळाने वधूवरांची वेबसाइट काढली, हे तुझ्या कानावर आलंच असेल. काढली म्हणजे मालोजीमामांनी (चिटणीस झाल्यापासून ते आपले मामा उरलेले नाहीत, सगळ्या समाजाचे झालेत) मेळाव्यात जाहीर केली आणि काम माझ्या गळ्यात घातलं, कारण इंदिरानगरच्या ऑफिसात मी हेच करतो. फोटो काढायचा मान मात्र फत्तेसिंगला. (माझ्या वर्गातला तो, तुझ्या लग्नात माझ्या खांद्यावर हात टाकून प्रत्येक फोटोत घुसलेला.) का, तर त्याने सिंगापूरहून रीळ न लागणारा कॅमेरा आणलाय. अक्का, मी जळतो असं समजू नकोस. कॅमेरा चांगलाच आहे. फक्त तो गळ्यात अडकवून पंगतीला बसायची काही गरज नव्हती.

त्या कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर दारा-खिडक्यांएवढे येतात. तसेच वेबसाइटवर ठेवले तर फोनच्या तारेतून ते येईपर्यंत बघणाऱ्याचं जेवण होऊन वामकुक्षीही होईल. म्हणून आधी लहान करायचे. त्यासाठी एक प्रोग्रॅम असतो. त्याला फोल्डर दाखवायचं, रुंदी सांगायची, की सगळे फोटो एका दमात लहान करून ठेवतो, आपण कॉफी पिऊन यायचं. मी कॉफीला उठणार तेवढ्यात दिसलं, की समाजातल्या झाडून सगळ्या मुलामुलींचा एकेक फोटो आहे आणि संयोगिताचे चार. (मागच्या गल्लीतल्या विश्वासरावांची संयोगिता, तुझ्या लग्नात रांगोळी तुडवली म्हणून वऱ्हाड्यांशी भांडली होती ती.) हसताना, वळताना, पदर सावरताना, आणि एकात तर चक्क लाडू खाताना. मुलगी लाडू खाताना कशी दिसते याच्याशी मंडळाला काय करायचंय? माझं डोकंच फिरलं. मग वाटलं, एकटा फत्तेसिंगच कशाला, उद्या बेळगावपासून तंजावरपर्यंतचे सगळे उपवर हा चेहरा डोळे फाडून बघणार. मी तीन फोटो बाजूला काढले आणि उरलेला पुन्हा प्रोग्रॅममध्ये घातला. मग पुन्हा घातला. बोटाच्या नखाएवढा झाला तेव्हा जिवाला थंड वाटलं. बाकीच्या मुली पोस्टकार्डाएवढ्या ठेवल्या. बघा म्हटलं, त्यांना हवं तेवढं बघा.

उद्घाटन मंडळाच्या हॉलमध्ये झालं. मामांनी नाव दाबलं की फोटो वरून खाली उतरायचा: आधी केस, मग कपाळ, आणि नाकाशी आला की लाइन तुटायची. सगळ्या मुली कपाळावरच अडल्या. संयोगिताचं नाव दाबलं मात्र, फोटो टपकन हजर! मामांनी हातच जोडले. "भवानीनं उजवा कौल दिला बघा," म्हणाले. आपली माणसं देवीला फुलं चिकटवून कौल घेणारी. मग काय, एकेक आई पुढे येऊन मनात मुलाचं नाव घेऊन बटण दाबू लागली, आणि प्रत्येकीला कौल उजवाच. सर्वांत पुढे फत्तेसिंगची आई. लहान फोटो तारेतून लवकर येतो हे तिथे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मी ते कुठल्या तोंडाने सांगणार होतो? चेहरा कुणाला नीट दिसलाही नाही, पण कौलापुढे चेहरा कोण विचारतो! येत्या रविवारी फत्तेसिंगकडची मंडळी तिला बघायला जाणार आहेत.

मला त्याचं काहीच वाटत नाही. मुलीने सुखात राहावं, बस्स. फत्तेसिंगला मागून टक्कल पडू लागलंय, तेवढं कुणीतरी विश्वासरावांच्या कानावर घालायला हवं होतं. असो. भावजींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
देवव्रत

ता. क. पत्र ऑफिसात नेऊन पाकिटात घालणार होतो, तोच संयोगिता तिथे आली. "सगळ्यांचे एवढे एवढे, आणि माझाच का चिमटीत धरण्याजोगा?" म्हटलं, तांत्रिक अडचण. तिने माझ्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. तिथे पडदाभर लाडूवाला फोटो होता. (काढायचा राहून गेला होता.) "इथे नाही आली वाटतं अडचण," म्हणाली. दारापर्यंत जाऊन ती वळली. "वरांच्या यादीत तुमचा फोटो दिसला नाही. रविवारच्या आत आमच्या अप्पांना मिळू दे. आणि तो स्वल्पसुद्धा लहान करू नका, देवव्रत." अक्का, आजपर्यंत ती मला देवव्रतअण्णा म्हणायची!

ता. ता. क. माझा एकही बरा फोटो नाही. तुझ्या लग्नातला, फेटा बांधलेला, तो कुरिअरने लगेच पाठव. त्यातल्या फत्तेसिंगला आधी कात्रीने काप. त्याचा हात माझ्या खांद्यावर उरेल, त्याला इलाज नाही. कुणी विचारलं तर तुझा म्हणून सांगेन.